बडोद्यात सुशी खायला जाताना: मासा विचारा, भात पारखा

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यातलं एक मराठी कुटुंब सासऱ्यांच्या पंचाहत्तरीसाठी शहरातल्या एका पंचतारांकित हॉटेलात सुशी, म्हणजे व्हिनेगर कालवलेला भात आणि बहुधा कच्चा मासा असा जपानी पदार्थ, खायला जाणार आहे. सासूबाई शुद्ध शाकाहारी, धाकट्या जाऊबाईंना पाचवा महिना, सासऱ्यांना रक्तदाबाच्या गोळ्या, बरोबर दोन लहान मुलं. सूनबाई विचारतात: बंदर नसलेल्या गावात कच्चा मासा खावा का? मागवायचं काय, खायचं कसं? आणि एवढे पैसे मोजल्यावर चांगलं मिळालं की नाही, हे कळणार कसं?

समुद्राच्या अंतराची काळजी आधी सोडून द्या. खंभातचं आखात बडोद्यापासून तसं फार लांब नाही, पण तिथला मासा सुशीत येत नाही, आणि मुंबईत समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या हॉटेलातही किनाऱ्यावरचा मासा सुशीत सहसा जात नाही. सॅल्मन बहुतेक नॉर्वेच्या शेतीतला असतो आणि बर्फात घालून विमानाने येतो. चांगला टूना बोटीवरच उणे ६० अंशांपर्यंत गोठवतात. हामाची, म्हणजे यलोटेल मासा, बहुधा जपानहून गोठवलेला येतो. उनागी, म्हणजे गोड्या पाण्यातली वाम, भाजून, सॉस लावून, पाकीटबंद गोठवलेली मिळते. हीच खोकी मुंबईत उतरतात आणि हीच पुढे सुमारे ४०० किलोमीटर बडोद्याला येतात. म्हणून विचारायचं ते हे, की वाटेत थंडी कुठे तुटली का आणि गोठवलेला मासा किचनमध्ये नीट सुटवला, म्हणजे त्याचा बर्फ हळूहळू उतरवला, का.

गोठवलेला म्हणजे दुय्यम, हा समज आपल्याकडे मासळीबाजारामुळे पक्का बसला आहे. आमटी-कालवणाच्या माशाला तो लागू आहे, कच्च्या माशाला नाही. समुद्री माशात अ‍ॅनिसाकिस नावाचा बारीक कृमी असू शकतो आणि तो थंडीने मरतो. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाचं मार्गदर्शन सांगतं की कच्चा खायचा मासा उणे २० अंशांना ७ दिवस ठेवावा, किंवा उणे ३५ अंशांना पूर्ण गोठवून त्याच तापमानाला १५ तास ठेवावा. टूनाच्या काही जाती आणि गोळी-खाद्यावर वाढवलेला शेतीतला सॅल्मन यांना त्यातून सूट आहे, कारण त्यांच्यात हा धोका फार कमी असतो. घरचा फ्रीझर जेमतेम उणे १८ पर्यंत जातो आणि दार उघडलं की वर चढतो, म्हणून बाजारातला मासा घरी गोठवून कच्चा खाण्याचा प्रयोग करू नका. रोहू-कटला तर कधीच नाही. गोड्या पाण्यातल्या माशातले कृमी वेगळे आणि जास्त त्रासाचे असतात. मेनूवर ‘इंडियन सॅल्मन’ दिसला तर तो रावस असतो. तळून उत्तम लागतो, पण सुशीत कच्चा खाण्याचा तो मासा नव्हे.

गोठवण्याची मर्यादाही समजून घ्या. कृमी मरतात, जंतू फक्त झोपतात, आणि माशात एकदा तयार झालेलं हिस्टामीन, म्हणजे अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, कशानेच जात नाही. टूना, बांगडा अशा माशांत थंडी तुटली की हिस्टामीन वाढतं. मग तो मासा पुन्हा गोठवा नाहीतर उकळा, उपयोग नाही. खाताना जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली तर घास तिथेच काढून टाका आणि शेफला सांगा. संकोच करू नका. थोड्याच वेळात चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांधी उठणं ही त्याचीच लक्षणं. पोटात जोराची कळ मात्र काही तासांनी उठली, तर डॉक्टरांना कच्चा मासा खाल्ल्याचं पहिल्या वाक्यात सांगा.

आता फोन. दोन दिवस आधी करा आणि टेबल राखणाऱ्याकडून सुशी शेफचं उत्तर मागवा. आपल्याकडच्या मोठ्या हॉटेलांत सुशी बऱ्याचदा पॅन-एशियन रेस्टॉरंटच्या एका काउंटरवर बनते, आणि त्या काउंटरची माहिती बुकिंग घेणाऱ्याला नसते. विचारा: कोणता मासा थंड आला, कोणता गोठवलेला? सॅल्मनचं खोकं कोणत्या वारी उघडलं? खोकं उघडल्यापासून तीन दिवसांत तो कच्चा संपवलेला बरा, नंतर भाजायला ठेवावा. ‘सगळं ताजं आहे, आजच आलं’ हे उत्तर मला पटत नाही, कारण सगळं एकाच दिवशी येतच नाही. ‘हामाची संपला, टूना आज सकाळी सुटवलाय, सॅल्मन कालचा’ असं कोणी सांगितलं तर निःशंक जा.

वार आणि महिनाही बघा. श्रावणात, नवरात्रात, पर्युषणात बडोद्यात मासे खाणारे कमी होतात आणि थंड आलेल्या सॅल्मनचा खप मंदावतो. त्या दिवसांत गोठवलेला टूना, उनागी, शिजवलेली कोळंबी यांवर भर द्या. रविवारच्या ब्रंचला टेबलावर मांडून ठेवलेली सुशी घेऊ नका, काउंटरवर समोर करून मागा. मांडलेल्या सुशीत मासा तापतो आणि भात गार होतो, म्हणजे जे व्हायला हवं त्याच्या नेमकं उलट.

ओमाकासे, म्हणजे काय द्यायचं ते शेफवर सोपवणं, हे बडोद्यात नीट हवं असेल तर आधी सांगूनच होतं, कारण मासा माणसांच्या हिशेबाने मागवावा लागतो. तुमच्या कुटुंबाला मात्र मी ते सुचवणार नाही. एकाच टेबलावर इतकी पथ्यं असताना ओमाकासे निम्म्या लोकांसाठी वाया जातं. त्याऐवजी काउंटरच्या जवळचं टेबल मागा आणि साडेसातला पोचा. आपल्याकडे गर्दी नऊनंतर होते, आणि संध्याकाळचा भात साधारण सातपर्यंत कालवून तयार असतो. त्या पहिल्या दीड तासात तो सगळ्यात चांगला असतो.

भाताबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं, कारण बडोद्यात काय, कुठेही सुशी बिघडते ती बहुधा भाताने. तांदूळ आखूड दाण्याचा जपानी जातीचा लागतो, कोशिहिकारीसारखा. त्यात अमायलोज, म्हणजे दाणे सुटे ठेवणारा स्टार्च, कमी असतं म्हणून दाणे एकमेकांना धरतात. बासमतीत ते जास्त, म्हणून तो सुटा राहतो. आंबेमोहोर चिकटतो, पण त्याचा वास व्हिनेगरशी भांडतो. ४५० ग्रॅम कोऱ्या तांदळाला साधारण ७० मिलिलिटर तांदळाचं व्हिनेगर, ३० ग्रॅम साखर आणि १० ग्रॅम मीठ हे मध्यम प्रमाण. तांदूळ पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन, अर्धा तास भिजवून शिजवतात. भात गरम असतानाच पसरट लाकडी परातीत काढून त्यावर हे मिश्रण ओततात, आणि लाकडी उलथणं उभं धरून, कापल्यासारखं चालवत कालवतात. उलथणं आडवं दाबलं की दाणे मोडतात आणि भाताचा लगदा होतो. बाजूने वारा घालायचा, म्हणजे वरचं पाणी उडून दाण्याला चकाकी येते. व्हिनेगरचं काम चवीपुरतं नाही. आंबटपणा पुरेसा असेल तरच हा भात काही तास फ्रीजबाहेर सुरक्षित राहतो. म्हणून ज्या हॉटेलचा भात नुसताच गोड लागतो, तिथे मी कच्चं मागवणं आवरतं घेईन.

ताटात निगिरी, म्हणजे भाताच्या लहान गोळ्यावर ठेवलेला माशाचा काप, आली की पहिली एक अशी तपासा. बोटाने उचलली तर ती अखंड राहिली पाहिजे आणि तोंडात जिभेने टाळूला दाबताच सुटली पाहिजे. दाणा दाणा वेगळा जाणवावा, पण कोरडा नसावा. भात अंगाइतका कोमट, म्हणजे ३५ ते ३७ अंश, आणि वरचा मासा त्याहून थंड. हा फरक जिभेला स्पष्ट कळतो, आणि निगिरीची अर्धी गंमत त्यातच आहे. भात १५ ते २० ग्रॅम असावा. मुठीएवढा गोळा आणि वर झिरझिरीत काप दिसला तर माशाचे पैसे तुम्ही भातावर घालवताय. भात थंड आणि मध्यभागी कडक लागला तर तो फ्रीजमध्ये होता. फ्रीजच्या थंडीत शिजलेल्या तांदळाचा स्टार्च पुन्हा आवळून बसतो, तो व्हिनेगरने सुधारत नाही. असं झालं तर ‘नव्या भातावर करून द्याल का’ एवढंच विचारा. पंचतारांकित हॉटेलात याला नकार मिळत नाही, आणि मिळालाच तर पुढची ऑर्डर गरम पदार्थांकडे वळवा.

माशाची पारख डोळ्यांनी होते. कापाच्या कडा वाळलेल्या, टोकं वर वळलेली असतील तर तो आधी कापून ठेवलेला आहे. खाली पाण्याचं थारोळं असेल तर घाईने सुटवला आहे. गोठलेला टूना सुटवायची रीत अशी: समुद्राएवढ्या खारट, कोमट पाण्यात काही मिनिटं बुडवायचा, पुसून कागदात गुंडाळायचा आणि फ्रीजमध्ये काही तास हळूहळू सुटू द्यायचा. हे टाळून ओट्यावर ठेवला की आतलं पाणी गळतं आणि काप ओल्या पुठ्ठ्यासारखा लागतो. सॅल्मनच्या पांढऱ्या रेघांवरून थर फुटून वेगळे होत असतील तर तो जुना झालाय. टूनावर इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली तर घाबरू नका, कापलेल्या तंतूंवर उजेड पडल्याने ती दिसते. याउलट कापाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच भडक गुलाबी टूना असेल तर सावध व्हा. तो कार्बन मोनॉक्साईड दिलेला असू शकतो. त्याने रंग टिकतो, पण मासा किती जुना आहे ते झाकलं जातं. जपान आणि युरोपीय संघात याला बंदी आहे. चांगला टूना गडद लाल असतो, रत्नासारखा झगझगत नाही.

खाण्याची रीत अवघड नाही. आधी ओला रुमाल येतो, तो हातांसाठी. निगिरी हाताने खाणं जपानमध्येही रीतसर आहे, तेव्हा सासऱ्यांना चॉपस्टिकचा आग्रह करू नका. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत निगिरी दोन्ही बाजूंनी धरायची, मनगट वळवून आडवी करायची आणि फक्त माशाची कड सोया सॉसला टेकवायची. भाताकडून बुडवली की भात सॉस पितो, सुटतो आणि वाटीत सांडतो. एका घासात खा, शक्यतो ताटात आल्यावर मिनिटाभरात. मसागोसारखी माशाची अंडी घातलेली, नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या, पट्टीतली सुशी उलटी करता येत नाही. तिथे आल्याचा काप सॉसमध्ये बुडवून त्याने वरून हलकेच सॉस लावा. शेफने आधीच सॉसचा हात फिरवला असेल, म्हणजे काप चमकत असेल, तर बुडवूच नका. वाटीत एका वेळी चमचाभरच सॉस ओता. एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि रक्तदाबाच्या माणसाला दिवसाच्या हिशेबात ते फार होतं. कमी मिठाचा सॉस बऱ्याच ठिकाणी मागितला तर मिळतो.

लोणच्याचं आलं दोन वेगळ्या माशांच्या मध्ये, तोंड साफ करायला. सुशीवर ठेवून खाल्लं तर माशाची चव जाते. वासाबी बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग यांचा गोळा असतो. खरा वासाबी फिकट हिरवा, किंचित रवाळ आणि गोडसर असतो, आणि किसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत उतरतो. निगिरीत तो आतून लावलेला असतो, म्हणून मुलांच्या ताटासाठी ‘वासाबीशिवाय’ हे ऑर्डर देतानाच सांगा. चॉपस्टिक भातात उभ्या खुपसू नका, आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका. दोन्ही गोष्टी जपानमध्ये मर्तिकाशी जोडलेल्या आहेत. बुलेट ट्रेनच्या कामामुळे बडोद्यात जपानी पाहुण्यांची ये-जा आहे, शेजारच्या टेबलावर कोणी असू शकतं.

सासूबाईंच्या बाबतीत फार जपा. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या दिसतही नाहीत. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी, म्हणजे अर्क उतरवलेलं पाणी, आहे, आणि नेहमीची दाशी कोम्बू शेवाळ आणि सुकवलेल्या बोनिटो माशाची असते. त्यामुळे ‘व्हेज मिसो सूप’मध्ये टोफू आणि पात तरंगत असली तरी पाणी माशाचं असू शकतं. इनारी सुशीची तळलेल्या टोफूची पिशवी दाशीत शिजवतात, पोन्झू या आंबट सॉसमध्ये बहुधा बोनिटो असतो, भातावर भुरभुरायच्या फुरिकाकेत माशाची भुकटी असते, टेम्पुराच्या, म्हणजे जपानी भज्यांच्या, पिठात आणि मेयॉनेजमध्ये अंडं. क्रॅब स्टिक तर पांढऱ्या माशाच्या लगद्याची. हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. ‘दाशी कशाची?’ हा एकच प्रश्न नेमका विचारा आणि कोम्बू आणि शिताके अळंबीची दाशी होते का ते फोनवरच पक्कं करा. वेगळी सुरी, वेगळा पाट, वेगळी बांबूची चटई आणि टेम्पुराला वेगळं तेल हेही तेव्हाच. काकडीचा काप्पा माकी (माकी म्हणजे नोरीत गुंडाळलेला रोल), अ‍ॅव्होकाडो रोल, शतावरीचा रोल, मुळ्याच्या पिवळ्या लोणच्याचा ओशिंको रोल हे सगळ्यात निर्धोक. बरोबर कोणी जैन असेल तर मुळा, आलं, वासाबी आणि शिताके चारही वर्ज्य. मग मुख्यतः काकडी आणि अ‍ॅव्होकाडो उरतात, आणि ते नुसत्या तिळाबरोबरही चांगले लागतात.

जाऊबाईंनी कच्चा मासा अजिबात घेऊ नये. त्यांच्यासाठी उनागी वाफाळती गरम करून, उकडलेली कोळंबी, तामागो म्हणजे थरांचं अंडं, कोळंबी टेम्पुरा. त्यांनी टूना शिजवलेलाही टाळावा, त्यात पारा जास्त असतो. सासऱ्यांचं वय बघता त्यांनाही कच्च्यापेक्षा हेच ताट बरं. कच्च्याची हौस असेल तर टूनाच्या दोन निगिरी पुरे. मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल तर त्याही नकोत. लहानग्यांना टेम्पुरा रोल द्या.

आता हिशेब. निगिरी बहुधा जोडीने येते, जाडजूड उलटा रोल (भात बाहेर, नोरी आत) आठ तुकड्यांचा, बारीक माकी सहा तुकड्यांची. कच्चं खाणारे तुम्ही, तुमचे यजमान आणि दीर, म्हणजे तिघं. प्रत्येकी सहा निगिरी आणि वर रोलचे चार-पाच तुकडे, एवढ्यात पोट भरतं. सगळं एकदम मागवू नका. दोन-दोन ताटं मागवा आणि हलक्याकडून जडकडे जा: आधी पांढरा मासा किंवा हामाची, मग टूनाचा लाल भाग, मग सॅल्मन, शेवटी उनागी आणि रोल. गोड सॉसची उनागी आधी खाल्ली तर नंतरचा पांढरा मासा पाणचट वाटतो. टूनाचं पोट, म्हणजे तोरो, यादीत असेल तर किंमत बघून दोनच तुकडे घ्या. ‘स्पायसी टूना’ला मी नाही म्हणेन. त्यात छाटणीचे तुकडे बारीक चिरून मेयॉनेजमध्ये कालवतात. चिरल्याने जास्त भाग हवेला उघडा पडतो, मासा लवकर उतरतो, आणि मसाल्याखाली ते कळत नाही.

गुजरातेत दारूबंदी असल्याने टेबलावर साके मिळेल असं धरून चालू नका. काही अडत नाही. भाजलेल्या पानांचा होजिचा किंवा भाजक्या तांदळाचा गेनमाइचा तेलकट माशानंतर तोंड छान मोकळं करतो.

उरलेली कच्ची सुशी पार्सल घेऊ नका. मे महिन्याच्या बडोद्यात गाडीत अर्धा तास म्हणजे माशाची वाट लागली, आणि फ्रीजमध्ये ठेवली तर भाताची. बिलात, खोलीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के जीएसटी लागतो, तो मेनूतल्या किमतीत धरलेला नसतो. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो आपोआप लावता येत नाही. लावलेला दिसला तर काढायला सांगा आणि शेफचं काम आवडलं असेल तर ती रक्कम काउंटरवर त्याच्या हातात द्या.